सस्पेंड झाला तो झालाच!

"खोटी रजा पचवायलासुद्धा अक्कल लागते!" जावईबापू पलंगावर लोळत मित्राला फोनवर ऐकवत होते.

पंपांच्या कारखान्यातून माल पाठवून पाठवून माणूस पार पिचला होता. पण दमलो म्हणून रजा देणारा साहेब अजून जन्माला यायचाय! आधी एखादा अवयव मोडावा लागतो. म्हणून यांनी कळवलं, कंबर धरलीय. आणि हातात धरला नवाकोरा, लिनक्स प्रणालीवर चालणारा, खेळांचा चिमुकला संगणक. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. दिवसभर धडाधड गोळीबार!

खेळ ऐन रंगात आला आणि पडदा काळाठिक्कर!

"अरे, सस्पेंड झाला!" ते फोनवर कळवळले. "कारण नाही, सूचना नाही, थेट सस्पेंड!"

सस्पेंड म्हणजे यंत्राची डुलकी, हे मित्राला ठाऊक. पण मुक्कामाला आलेल्या सासूबाई कपड्यांच्या घड्या घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांना सस्पेंडचा एकच अर्थ माहीत.

"अहो, ऐकलंत का? जावयाची नोकरी बोंबलली! सस्पेंड केलंय, तेही विनाकारण!"

सासरे म्हणजे कामगारांचे निवृत्त पुढारी. रिटायर झाल्यापासून बिचाऱ्यांना भांडायला सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं. चपला उलट्यासुलट्या सरकवून थेट साहेबाच्या केबिनमध्ये!

"आमच्या जावयाला सस्पेंड कोणी केलं?"

"कोणीच नाही," साहेब गोंधळले. "त्यांची कंबर धरलीय ना? गोळ्या चालू आहेत ना?"

"कंबर? ठणठणीत आहे गडी! आणि गोळ्या म्हणाल, तर सकाळपासून थांबल्या नाहीत. त्या डब्यात निम्मं सैन्य आडवं केलंय त्याने!"

सासऱ्यांची पाठ वळताच साहेबांनी शांतपणे फोन उचलला.

साहेबांचं नाव दिसताच जावईबापू ताडकन उठून बसले. पलीकडून एकच वाक्य आलं, "तुमच्या सासऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून तुम्हाला सस्पेंड केलंय."

सासरे विजयी मुद्रेने परतले. "चांगलं झापलं साहेबाला! म्हणाला, कोणीच सस्पेंड केलं नाही!"

जावईबापूंच्या बायकोने खेळाच्या डब्याचं बटण दाबलं. पडदा उजळला, खेळ थांबला होता तिथूनच सुरू. "हा उठला बघा. तुम्हाला कुठून दाबायचं?"

उत्तर द्यायला जावईबापू वळले आणि "आई गं!" करून तिथेच वाकले. मघाशी ताडकन उठताना कंबर खरोखरच धरली होती.

आता सांगायचं कुणाला?