शुब्र्याचा दिलदार

बायको, नज्वा, मुलीच्या बाळंतपणाला अस्वानला गेली आणि त्याच दिवशी मी फेसबुकवर माझ्या ताटाचा फोटो टाकला. बस, एवढंच केलं हो. ताटाकडे एकट्याने बघण्यापेक्षा चार लोकांनी बघितलेलं बरं. (ताटात अंडं होतं. करपलेलं.) खाली रीतीप्रमाणे लिहिलं, 'या जेवायला, घर तुमचंच आहे.'

आमच्या कैरोत हे सगळेच म्हणतात आणि कुणीच येत नाही. ऐकणाऱ्याने 'अल्लाह बरकत देवो' म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. पण त्या अंड्याला चाळीस जणांनी बरकत दिली! पाणीखात्यात बावीस वर्षं कारकुनी केली, तिथे चार जणांना माझं नाव माहीत नाही. डोकंच फिरलं माझं.

मग आमच्या शुब्रा मोहल्ल्याच्या नावाने पेज काढलं, 'शुब्र्याचा दिलदार'. रोज सहा ताटं मांडायचो. पाच रिकामी, तशी दिसू नयेत म्हणून वर एकेक रोटी ठेवलेली. स्वतःच लिहायचो, 'मुनीरसाहेबांच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही.' यात खोटं काही नव्हतं, दारात कुणी आलंच नव्हतं. महिन्याभरात नऊ हजार लोक जमले.

नज्वाचा फोन आला. "सहा ताटं कुणासाठी हो?"

"लोक येतात ना जेवायला."

"मग धुतं कोण?"

तिने ओळखलं. म्हणाली, "कुणाला तरी खरंच बोलवा. एकटे जेवू नका."

मनाला लागलं ते. शुक्रवारी पहाटेच्या नमाजाहून आल्या आल्या पातेलंभर महशी केली, द्राक्षाच्या पानांत भात भरून एकेक वळकटी हाताने वळली. पेजवर पत्ता दिला, मजला दिला, 'दोन वाजता, खरंच या' असं तीनदा लिहिलं. चारशे जणांनी बरकत दिली. एकाने 'आलोच समजा' म्हटलं, तो कुवेतमध्ये होता. जिन्यात पाय वाजले की मी उठायचो. पावणेचार वाजले. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात आमच्या समोरच्या दारातल्या लुत्फीचा फोटो आला. बायको गेल्यापासून तोही एकटाच. वाटीभर मसूर आणि खाली, 'या जेवायला, दार उघडंच आहे.' सवयीने मी बरकत द्यायला घेतली आणि थांबलो. अरे, हा तर चार पावलांवर राहतो! पातेलं उचललं आणि निघालो.

दार बंद होतं. बेल वाजवली.

"काय झालं, मुनीरसाहेब?" लुत्फी घाबरलाच.

"जेवायला आलो. तुम्ही लिहिलंत ना?"

"अहो, ते लिहायची पद्धत असते." मग त्याची नजर पातेल्यावर गेली आणि चेहरा उजळला. मला वाटलं, आता आत घेतो. त्याने फोन काढला. "पण बरं झालं आलात. जरा पातेलं वर धरा बघू."

फोटो काढला, मनापासून आभार मानले आणि दार लावून घेतलं.

मी घरी येऊन सहा ताटांसमोर बसलो, तोवर फोटो आलाही होता. 'लुत्फीच्या दारातून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही.' हातात माझंच पातेलं घेऊन मी छान हसत होतो.

पहिली बरकत मीच दिली.