वाल्मीकराव नीट बुडाले

"पाण्याचं मला सांगू नका," असं वाल्मीकराव बोरस्ते गंगापूर धरणाच्या काठावर सगळ्यांना सांगत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी उज्वलाबाई वाल्मीकरावांच्याच लाइफ जॅकेटचा पट्टा आवळत होत्या. वाल्मीकराव पंचवटीत वाढलेले, गोदावरीच्या पुरात सूर मारलेले. कायाक ही वल्ह्याची छोटी होडी चालवण्याचा आणि बुडणाऱ्याला वाचवण्याचा हा दोन दिवसांचा वर्ग त्यांनी बायकोच्या मनातली पाण्याची भीती घालवायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी शिकवणारी निकिता म्हणाली, "काका, तुम्ही कायाक उलटी करून पाण्यात पडा आणि हाक मारा. काकू येऊन तुम्हाला परत वर बसवतील. हाक साधीच मारा."

साधी हाक वाल्मीकरावांना जमणारी नव्हती. नाशिक रोडच्या कचेरीत वीस वर्षं त्यांनी स्नेहसंमेलनाची नाटकं गाजवली होती. एन्ट्री भारदस्त व्हावी म्हणून ते बाभळींच्या बेटाआड गेले, कायाक उलटवली आणि असे काही ओरडले की बगळे उडाले.

बेटापलीकडे मोतीराम नावाचा मच्छीमार जाळं सोडत होता. तो थर्मोकोलच्या तराफ्यावरून आला आणि त्यानं वाल्मीकरावांची मानगूट धरली.

"अरे सोड, मी सराव करतोय."

"बोलू नका बाबा, दम लागंल."

जाकीट घालूनही माणूस बुडतोय म्हणजे याला फिट आली असणार, हे मोतीरामनं ठरवून टाकलं होतं. त्यानं त्यांना पलीकडच्या काठावर ओढत नेलं, तशी त्याची बायको फुलाबाई धावत आली. तिनं कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला, मोतीरामनं चप्पल धरली.

"मला काही झालेलं नाही," वाल्मीकराव कळवळून म्हणाले.

"फिट आलेल्याला कळत नाय," फुलाबाई मायेनं म्हणाली आणि तिनं त्यांना गोधडीत गुंडाळलं.

इकडे बेटाआडून वाल्मीकरावांची उलटी कायाक एकटीच वाहत आली. निकितानं शिट्टी फुंकली. ती काही सांगायच्या आत उज्वलाबाई आपली कायाक घेऊन निघाल्याही होत्या. कालपर्यंत काठ न सोडणारी बाई बेटाला वळसा घालून थेट पलीकडे पोचली. गोधडीतून नवऱ्याचं डोकं हललेलं दिसलं, तशी ती चिखलातच बसली.

"अहो," ती म्हणाली, "कांद्याचा वास कसला येतोय?"

फुलाबाईनं सगळ्यांना चहा पाजला. मोतीरामला सगळं समजावल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

निकितानं ओढून आणलेल्या आपल्या कायाकमधून परतताना मोतीरामला हात करायला वाल्मीकराव मागे वळले आणि खरोखरच उलटले. या खेपेला त्यांच्या तोंडून आवाजही निघाला नाही. उज्वलाबाईंनी आपली कायाक त्यांच्या कायाकला आडवी लावली, तिच्यातलं पाणी ओतून काढलं आणि सुलटी करून घट्ट धरली.

"पाय मारा. पोट टेकवा. आता वळा."

सांगितलं तसं त्यांनी निमूट केलं.

संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळाली. उज्वलाबाईंच्या प्रमाणपत्रावर 'बचावकार्यात उत्तम' असा शेरा होता, वाल्मीकरावांच्या 'सहभागी' असा. सोमवारी कचेरीत त्यांनी मोठ्या अभिमानानं बायकोचंच प्रमाणपत्र फिरवलं.

"आणि तुमचं?" कोणीतरी विचारलं.

"तिला हे मिळालं कशामुळे?" वाल्मीकराव म्हणाले. "समोरचा माणूस नीट बुडाला म्हणून."