खिडकीबाहेरचा प्रशिक्षक

शिक्षकांना शिकवणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं! मी ते एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकणार होतो.

मी लूशियन ग्वीडरी. वय सव्वीस. न्यू ऑर्लिन्समधल्या सायप्रस ग्रोव्ह चार्टर शाळेत पाचवीला गणित शिकवतो आणि उत्तम शिकवतो. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही.

चार्टर शाळा म्हणजे पैसा सरकारचा, कारभार आमचा. दर पाच वर्षांनी बोर्डाचं माणूस येतं आणि परवाना चालू ठेवायचा की दाराला कुलूप घालायचं ते ठरवतं. यंदा आमची पाच वर्षं भरली होती. वाचन, गणित, हजेरी, सगळ्यांत आम्ही पास! गाडी अडली होती एकाच रकान्यात : 'शिक्षकांचे प्रशिक्षण'. मागच्या अहवालात त्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं, "खुर्च्या बऱ्या आहेत." या खेपेलाही तसंच काही पडलं, तर शाळा बंद आणि आम्ही सगळे रस्त्यावर.

आता यात बोर्डाची चूक नव्हती. दर ऑगस्टला, मुलं यायच्या आठवडाभर आधी, बोस्टनहून एक तज्ज्ञ यायचे. ते भिंतीवर दोनशे चौदा चित्रं दाखवायचे आणि आम्हाला पिवळ्या चिठ्ठ्या वाटायचे. आमचा खेळाचा शिक्षक, कोच थर्मन, तेव्हा डोळे उघडे ठेवून झोपायचा. गेल्या वर्षी कोणीतरी त्याच्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती. तिच्यावर 'सहभाग' असं लिहिलेलं होतं.

शेवटी आमच्या मुख्याध्यापिका मिस अर्नेस्टीन यांनी मला बोलावलं.

"लूशियन बाळा," त्या म्हणाल्या. (त्या पोस्टमनलाही बाळा म्हणतात.) "तुझ्याकडे काही उपाय आहे का?"

"माझ्याकडे पद्धत आहे!"

"कुठून आणलीस?"

"ह्यूस्टनहून. तीन दिवसांचं शिबिर केलंय मी."

"तिसऱ्या दिवशी तर तू मला इथे बाजारात दिसलास."

"दोन दिवसांतच आली मला!"

पद्धत अशी. एका शिक्षकाने वर्गाबाहेरून आत यायचं आणि धड्याची पहिली पाच मिनिटं घ्यायची. बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी, तिच्यात आपण कुठलं पोर आहोत ते लिहिलेलं. शिक्षक चुकला की मी ओरडणार, "पुन्हा!" की तो परत दाराबाहेर. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम : पितळी घंटा वाजेपर्यंत कोणी भूमिका सोडायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही! घंटा माझ्या खिशात.

सोमवारी सकाळी शाळेच्या जेवणघरात आम्ही जमलो. शेजारच्या स्वयंपाकघरात, सोमवार म्हटल्यावर आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे, राजमा शिजत होता. डोक्यावर आमचा जुना एसी हेलिकॉप्टरसारखा घरघरत होता. मी चिठ्ठ्या वाटल्या. थर्मनला आलं : 'सांगाल त्याच्या उलट करतो'. चौतीस वर्षं बालवाडी शिकवलेल्या मिस ओडीलना आलं : 'हाताला लागेल ते खिशात घालते'. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि खिशात घातली.

फळ्यासमोर उभा राहिला अँडर्स. मिनेसोटाहून नुकताच आलेला, नोकरीचा पहिलाच आठवडा. गोरापान, पण आमच्या उन्हाने उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा झालेला.

"सुप्रभात, मुलांनो—"

"नाही!" थर्मन गरजला आणि टेबलाखाली गेला. एकशे वीस किलोचा माणूस, पण काय सफाई!

"पुन्हा!" मी ओरडलो.

अँडर्स बाहेर गेला, आत आला. कोणीतरी भुंकलं. पुन्हा! विज्ञानाच्या बाईंनी भोकाड पसरलं. पुन्हा! माझी छाती अभिमानाने फुगली. इतकी मनापासून वाईट वागणारी माणसं मी कुठल्याही शाळेत पाहिली नव्हती! बाराव्या 'पुन्हा!'ला अँडर्स बाहेर गेला तो गेलाच. (नंतर तो वाहनतळावर सापडला. गाडीत एसी लावून आईशी फोनवर बोलत होता.)

तेवढ्यात माझा फोन वाजला. मिस अर्नेस्टीन कुजबुजत होत्या, "लूशियन! बोर्डाच्या बाई आल्यात! आजच! आर्सेनोबाई! मी फाटकाशी आहे, पळत ये!"

"कोणी भूमिका सोडू नका, मी आलोच!" एवढं ओरडून मी अंगणाच्या दारातून बाहेर धावलो. दार मागे धाडकन लागलं. आमची दारं एकदा लागली की बाहेरून फक्त कार्डावर उघडतात. मी गळ्याशी हात नेला. कार्ड नव्हतं.

खिडकीतून पाहिलं. आत मिस ओडील माझ्या कार्डाने वारा घेत होत्या.

फाटकाशी मिस अर्नेस्टीन एकट्याच. "आत्ता इथे होत्या रे! मी तुला फोन करायला वळले, तेवढ्यात 'राजमा कुठे शिजतोय?' म्हणाल्या आणि दिसेनाशा झाल्या!"

त्या कार्यालयाकडे शोधायला पळाल्या. मी थर्मनच्या टेबलाला लागून असलेल्या खिडकीकडे.

"कोच! दार उघड!"

थर्मनने टेबलाखालून मान हलवली. नाही.

मग माझी बुद्धी चालली. मी काचेला तोंड लावून ओरडलो, "कोच! दार अजिबात उघडू नकोस!"

थर्मन बराच वेळ विचारात पडला. ही सोय चिठ्ठीत नव्हती. शेवटी त्याने टेबल ओढत नेऊन दाराला लावलं आणि परत त्याच्याखाली बसला.

मी घंटा काढून वाजवली. जीव तोडून वाजवली! एसीपुढे कोणाला ऐकू येणार? आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराचं आतलं दार उघडलं, आणि हातात राजम्याची वाटी घेतलेल्या एक ठेंगण्या म्हाताऱ्या बाई आत आल्या. जांभळी टोपी, भलीमोठी पर्स.

शाळा गेली, मी मनात म्हटलं. पाच वर्षं गेली, पंचवीस नोकऱ्या गेल्या, आणि बावीस जण आत भुंकतायत.

आर्सेनोबाईंनी वाटी खाली ठेवली. पर्स खाली ठेवली. हातांची घडी घातली. मला ऐकू काही आलं नाही, पण थर्मनने नंतर शपथेवर सांगितलं, त्या एवढंच म्हणाल्या, "मी थांबले आहे."

बस! भुंकणं बंद, रडणं बंद. एसीसुद्धा घटकाभर दबकून चालल्यासारखा वाटला.

"थर्मन लाबोव्ह," बाई म्हणाल्या, "तिसरीतही तू टेबलाखाली होतास."

"हो, मॅम," थर्मन बाहेर आला. डोळ्यांत पाणी होतं म्हणे. त्याने उलट करायचं सोडून दिलं, आणि मी सांगतो, माझ्या पद्धतीतला तो पहिला नियमभंग!

मी बाहेरून खिडकीवर थापा मारत होतो. घंटा दाखवत होतो. हातवारे करून 'हे खोटं आहे! सराव आहे! मोठी माणसं आहेत ही!' असं सांगत होतो. यातलं शेवटचं हातवाऱ्यांनी सांगून बघा, म्हणजे कळेल.

बाई वळल्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणि नुसतं एक बोट उचलून हवेत अर्धा गोल काढला.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ऑगस्टच्या उन्हात, सव्वीस वर्षांचा, दोन दिवसांच्या शिबिराचा अनुभव असलेला मी! काचेतून आवाजसुद्धा येत नव्हता हो. बोट पुरलं.

थोड्या वेळाने मिस अर्नेस्टीन धापा टाकत आल्या. "बाळा, हे काय करतोयस?"

"शिक्षा झालीय."

"कोणी केली?"

"तुम्ही बघू नका, खिडकीकडे बघू नका—"

त्यांनी पाहिलं. काचेला नाक लावून पाहिलं. मला अंदाज होताच. अर्ध्या मिनिटात त्या माझ्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभ्या. अठ्ठावन्न वर्षांच्या मुख्याध्यापिका!

"लूशियन, गेली रे माझी शाळा!"

"बोलू नका, मिस अर्नेस्टीन. बघतायत."

"तुझी पद्धत!"

"अहो, पण किती शांत बसलेत बघा सगळे!"

"मला बघता येत नाहीये ना, गाढवा!"

आत काय चाललं होतं ते मला पुढे बावीस तोंडांतून कळलं. बाईंनी सातचा पाढा घेतला. मग स्वल्पविराम घेतले. विज्ञानाच्या बाईंना शाबासकी मिळाली तर त्या खरंच लाजल्या. मग बाईंनी मिस ओडीलना उभं केलं. "उजवा खिसा. आता डावा." टेबलावर दोन स्टेपलर, सात खडू, थर्मनची शिट्टी, चमचा आणि माझं कार्ड. "शाबास. आता ते घे आणि बाहेरच्या दोघांना आत आण."

थर्मनने मुकाट्याने टेबल सरकवलं. दार उघडलं. मिस ओडीलनी आम्हाला एका रांगेत आत नेलं. रांग दोघांचीच, पण सरळ होती.

"नाव?" आर्सेनोबाईंनी विचारलं.

"लूशियन ग्वीडरी, मॅम."

"वर्ग चालू असताना बाहेर काय करत होतास?"

"मॅम, मी... मी यांचा प्रशिक्षक आहे."

सगळा वर्ग खो खो हसला.

"होशील हं," बाई म्हणाल्या. "मोठेपणी होशील. आता बस."

मी बसणारच होतो, पण तेवढ्यात खिशातली घंटा आठवली. वाजवली. एका क्षणात बावीस पोरं नाहीशी झाली, आणि त्यांच्या जागी बावीस मोठी माणसं खाली मान घालून बसली. मिस अर्नेस्टीन पुढे झाल्या. "मॅम, हा सराव होता. हे शिक्षक आहेत हो, चांगले शिक्षक आहेत! हे कधी असे वागत नाहीत!"

"शिक्षक आहेत ते मला दिसत नाही का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं शाळेत शिकवलं मी. मला वाटलं, तुमची नेहमीची मीटिंग चाललीय."

बाईंनी वाटी उचलली, राजमा संपवला आणि आणखी मागितला.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. मिस अर्नेस्टीननी तो सगळ्यांसमोर उघडला आणि पहिली ओळ वाचूनच खुर्चीत बसल्या. परवाना पाच वर्षं पुढे! थर्मनने मला उचललं आणि आनंदाच्या भरात बराच वेळ खाली ठेवायला विसरला. मी वरूनच ओरडलो, "प्रशिक्षणाचा रकाना वाचा!"

त्यांनी वाचला. "शिक्षक झटपट शिकतात. चूक मान्य करतात. सातचा पाढा उत्तम. असे कष्टाळू शिक्षक मी क्वचितच पाहिले."

मी सांगत होतो ना! पद्धत, माझी पद्धत!

"पुढे तुझ्याबद्दल आहे," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या आणि का कोण जाणे, हसू दाबू लागल्या. "'खिडकीबाहेरचा मुलगा हुशार आहे, पण इतरांचं लक्ष विचलित करतो. त्याला पुढच्या बाकावर बसवावे.'"

आता दर सोमवारी आर्सेनोबाई आम्हाला शिकवायला येतात. पैसे घेत नाहीत, राजमा घेतात. अहवालाचं ते पान आईने बैठकीच्या खोलीत चौकट करून लावलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती बोट ठेवून फक्त 'हुशार आहे' एवढंच वाचायला देते.

आणि पुढच्या बाकावरून, खरं सांगतो, फळा फार स्वच्छ दिसतो. घंटा मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी काढून घेतली. वर्षाच्या शेवटी, नीट वागलो तर, परत देणार आहेत.