सोळा कोअरना सोळा पुडे

शिंचू शहरातल्या चिप-कंपनीत वेई-त्सुंगने भर बैठकीत छाती ठोकून सांगितलं, "आपला नवा सोळा कोअरचा प्रोसेसर जुन्या आठ कोअरच्या दुप्पट पळाला नाही, तर मला प्रिंटर दुरुस्तीला बसवा!"

चिआंगसाहेबांनी हे लगेच लिहून घेतलं. एरवी बैठकीत ते काही लिहीत नसत.

बाओबाई या बड्या ग्राहक दुपारी चाचणी बघायला यायच्या होत्या. सकाळी रंगीत तालीम झाली. दोन्ही यंत्रांना एकच काम दिलं. नवा पुढे होता, पण दुप्पट म्हणावं तर नाही!

"शकुनाचा पुडा ठेवलायस ना नव्या यंत्राच्या डोक्यावर?" शेजारच्या टेबलावरच्या यी-रूताईने विचारलं.

"म्हणजे काय! हिरवाच आहे. नारळाचे कुरकुरे, मुदतीतले. त्याशिवाय शिंचूत यंत्र शहाण्यासारखं वागलंय कधी?"

"एकच? अरे बावळटा, कोअर सोळा नि पुडा एक? बाकीचे पंधरा काय हवा खाऊन राबणार?"

हे शास्त्रशुद्ध वाटलं. वेई-त्सुंग धावत जाऊन पंधरा पुडे घेऊन आला आणि यंत्रावर उतरंड रचली. नवा जुन्याच्याही मागे पडला!

"रुसला," ताई म्हणाली. "अजून आण."

दुकानातला साठा संपला. नवा प्रोसेसर आता निवृत्त हेडमास्तरांसारखा दर आकड्यापाशी थांबून विचार करू लागला. तेवढ्यात बाओबाई दारात! वेई-त्सुंगने घाबरून यंत्रावर हात टेकला आणि किंचाळला. वर मोमो वाफवून निघाले असते! पंख्याची जाळी पुड्यांनी पार बुजली होती.

"फेक ते पुडे!"

"फेकायचे? अपशकुन होईल, ताई!"

टेबलावर जागा एकच होती: जुन्या यंत्राचं डोकं. सगळा ढीग तिकडे गेला. चाचणी सुरू झाली. नवा सुसाट, जुना धापा टाकत मागे. तिप्पट!

"शाब्बास!" चिआंगसाहेब ओरडले.

बाओबाई मात्र त्या ढिगाकडेच बघत होत्या. "एवढं डोक्यावर घेऊनही हा बंद नाही पडला?"

"आमचं यंत्र बंद पडतच नाही, बाई!" वेई-त्सुंग अभिमानाने म्हणाला.

"मग हाच द्या. आमच्या गोदीवर संगणकावर मासळीच्या पाट्या ठेवतात."

बाई गेल्यावर साहेबांनी तो कागद काढला. "पैज तू जिंकलास. पण खपला जुना. नव्याचं काम बंद, म्हणजे तुलाही काम नाही. प्रिंटरकडे एक जागा आहे."

वेई-त्सुंग निघाला. जाताना एक हिरवा पुडा तेवढा बगलेत मारला. प्रिंटरचं काही सांगता येत नाही!