थोरल्या सरकारांचा सावळा रंग कागदावर उतरविण्याची मोहीम

श्री उजेड समर्थ. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी थोरल्या सरकारांच्या तसबिरीचा रंग हुबेहूब साधला. तो साधलाच नाही ऐसे मागाहून दरबारी ठरले, सबब पुढील मजकूर न साधल्याप्रमाणे वाचावा.

थोरले सरकार कैलासवासी जाहले, वर्षश्राद्ध जवळ आले, आणि राणी मैनाबाईसाहेबांनी मोबाइलातील एक फोटो मोठा करोन आणावयास धाकटे दीर सुभानराव यांस पेठेतील फोटो कारखान्यात रवाना केले. मग तसबीर आली ती गोरीपान. बाईसाहेब बोलिल्या, "भावजी, हा कोण गोरा घरात आणलात? माझा संसार सावळ्याशी झाला." मग सुभानराव माघारी गेले आणि कारखान्याचे कारभारी गणपुले अदबीने वदले, "सरकार, मशीन आपणहून सगळ्यांना उजळ करतं. आजवर एकानंही तक्रार केली नाही." मग ते उजळणे बंद करविले, तो सरकार अंधारात बसविल्यासारखे उतरले, कारण मोबाइलाचा उजेड पूर्ण चढविलेला होता म्हणोन पडद्यावर ठीक दिसत, आणि कागदास आपला उजेड नसतो. मग थोडे उजळविले, ते दुकानाच्या ट्यूबखाली बरोबर आणि अंगणात हिरवट दिसो लागले. "आजारी दिसतात," बाईसाहेब म्हणाल्या, "आजारी ते शेवटी शेवटी होते." आणि पदर डोळ्यांस लाविला.

मग गणपुले थकोन म्हणाले, "मूळ माणूस समोर बसवा, मॅच करून देतो." मूळ माणूस कैलासी. परंतु सुभानरावांचा चेहरा आणि वर्ण बंधूंसारखाच ऐसे अवघे राज्य म्हणत असे, म्हणोन सुभानराव नमुना नेमिले गेले आणि मशीनशेजारी स्टुलावर बसविले गेले. आणि नमुना पालटो नये म्हणोन वर्षश्राद्धापर्यंत त्यांस ऊन बंद, क्रिकेट बंद, मिसळ बंद जाहली. "वहिनीसाहेब, मी माणूस आहे, शेडकार्ड नव्हे!" ऐसे ते गरजले, तो गणपुले म्हणाले, "सरकार, लाल होऊ नका, प्रिंट वाया जाईल." मग सुभानराव निमूट बसले, आणि बाईसाहेब दर प्रिंट अंगणात नेवोन, शेजारी त्यांस छत्रीखाली उभे करोन ताडोन पाहात.

वर्षश्राद्धाचे सकाळी रंग केसभरही चुकला नाही. हार चढला. आणि पाहुणे तसबीर पाहोन "सुभानराव केव्हा गेले?" ऐसे पुसो लागले, आणि मामासाहेब तर शेजारच्या पाटावरील सुभानरावांसच म्हणाले, "चांगला होता हो सुभान. खर्चिक, पण चांगला." मग बाईसाहेब तसबिरीजवळ गेल्या आणि बोलिल्या, "हे भावजी आहेत. ते याहून सावळे."

"किती सावळे?" तसबीर घेवोन आलेल्या गणपुल्यांनी पुसिले.

"संध्याकाळी घरी येत तेव्हाएवढे."

ऐसे माप मशीनमध्ये नव्हते. मग हार उतरविला, आणि हाती मिसळीची प्लेट घेतलेले सुभानराव पुन्हा स्टुलावर गेले.

एकूण काय, मशीन नीट, कागद नीट, नमुना चुकला. सबब दरबारातून अर्ज रवाना जाहला, तो ऐसा: थोरल्या सरकारांनी एक वेळ मूळ वर्णानिशी कारखान्यात समक्ष हजर व्हावे. संध्याकाळीच यावे. सोमवारी दुकान बंद असते. परतताना चहा घरी घ्यावा, ही विनंती.