यानावरच्या डॉक्टरचं सुतक

मी आज जो काही आहे तो वसंतअण्णांमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कामाला. तुझं इंग्रजी कुणी घडवलं, असं लोक कौतुकाने विचारतात. धारवाडच्या सुभाष रोडवरच्या एका कापडदुकानदाराने, अवकाशयानाच्या मदतीने, असं सांगितलं की ते विषय बदलतात.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि दर रविवारी सकाळी एक इंग्रजी मालिका लागू लागली. एक यान, एक कप्तान, दर आठवड्याला नवा ग्रह. शेजारच्या अण्णांना वेड लागलं. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते टीव्हीसमोर बसत. एवढी तयारी त्यांनी सख्ख्या मेहुणीच्या लग्नातही केली नव्हती. त्यांच्या बायकोला, काकूंना, इंग्रजी येत नसे आणि अण्णा पडद्यावरून नजर हलवत नसत, म्हणून मला हाक यायची. "ए तम्मा," म्हणजे कानडीत धाकट्या भावा, "ये. काकूला मराठीत सांग."

काकूंचे प्रश्न शास्त्रज्ञांना घाम फोडतील असे. "त्या निळ्या बाईचं माहेर कुठल्या ग्रहावर रे? सणाला तरी पाठवतात का?" पुढच्या रविवारी अडायला नको म्हणून मी आठवडाभर शब्दकोश उपसत असे.

अण्णांची कसोटी दुकानातली. "पन्हा बघ, पन्हा!" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, पण अण्णांच्या लेखी मंत्र्याच्या भाषणाला, व्याह्याच्या मनाला, हॉटेलातल्या सांबारालाही पन्हा असे आणि तो बहुधा कमीच पडे. या मालिकेचा मात्र भरपूर होता.

मग एका भागात यानावरचा म्हातारा डॉक्टर साथीत मेला. काकू उठल्या आणि त्यांनी बंब पेटवला. "घरातलाच झाला होता हो. अंघोळ करा." अण्णा मुकाट्याने दुसऱ्यांदा न्हाले. मलाही न्हायला लावलं. अंतराळातल्या माणसाचं सुतक पाळणारं घर निदान धारवाडात तरी दुसरं नसावं.

मालिका गाजली. कुठलीही चांगली गोष्ट वेळेवर थांबवायची नाही, हा धंद्याचा नियम निर्मात्यांनी निष्ठेने पाळला. दुसरं यान आलं, तिसरं आलं, मग पहिल्याच्याही आधीचं आलं. "एका ताक्यातून किती शर्ट काढणार?" अण्णा ओरडत. "आता बाह्यांना कापड नाही! आणि गणवेश बघ, पॉलिएस्टर! घाम येत नाही होय यांना?" असं बजावून ते पुढचा भाग न चुकता बघत. चाहत्यांची गोडी कमी झाली, असं निर्माते जाहीर करतात ते अशाच चाहत्यांबद्दल. मालिकेला शिव्या घालायलासुद्धा हा माणूस वेळेवर हजर असे.

पुढे मला बेंगळुरूला नोकरी लागली. त्याच वर्षी काकू गेल्या. आजार काही फार लांबला नाही.

रजेवर आलो तेव्हा रविवारी अण्णांकडे गेलो. नवी मालिका चालू होती. पडद्यावर यानाचं दार उघडलं आणि तोच मेलेला डॉक्टर आत आला, ठणठणीत. कुठल्याशा यंत्राने त्याची नक्कल जपून ठेवली होती म्हणे. कप्तानाने त्याला मिठी मारली. सवयीने मी शेजारच्या, काकूंच्या खुर्चीकडे वळून मराठीत सांगू लागलो आणि मधेच थांबलो.

अण्णांनी टीव्ही बंद केला.

"आम्ही अंघोळ केली होती की रे," ते म्हणाले.

"होय अण्णा."

"असं आणतात होय माणूस परत? नुसतं बटण दाबून?" मग सदऱ्याची कड चिमटीत धरून ते ती चोळत बसले. "होगली बिडो, जाऊ दे. पन्हाच संपला."

त्यांनी केबल काढून टाकली. पॉलिएस्टरमुळे मालिका बिघडली, असं सुभाष रोडवर सगळ्यांना सांगितलं. मीही मान डोलावली. बेंगळुरूला परतल्यावर त्यांना लिहिलं:

"ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

पुढचे भाग बघितले. डॉक्टर परत आल्यापासून यानावर कुणाला कशाची भीती उरलेली नाही, त्यामुळे बघणाऱ्यालाही नाही. कापडही तुम्ही म्हणता तसंच भिकार. मीही सोडली.

येत्या रविवारी येतो. टीव्ही नको. जुन्या यानाचे भाग मला पाठ आहेत, पहिल्यापासून सांगेन. तुम्हाला इंग्रजी येतं, तरी मराठीतच सांगेन.

निळ्या बाईच्या माहेरचा प्रश्न अजून बाकी आहे. तो आता तुम्ही विचारायचा.

तुमचा,
तम्मा"