नरहरच्या विमानाची पत्रिका

“ढुंढ्या, अरे वर बघ की! नरहरचा पतंग बघ कुठे पोचला!”

काशीच्या दुर्गाघाटावरच्या गच्चीत पापड वाळत घालता घालता आईने मारलेली ही हाक. त्या हाकेला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तरी ढुंढिराजशास्त्र्यांच्या कानात ती ताजी होती. आई बिचारी कौतुकाने म्हणाली. पण त्या हाकेसरशी नऊ वर्षांच्या ढुंढिराजाच्या पोटात जो निखारा पडला, तो काही विझला नाही. गंगेला इतके पूर आले, घाट बुडाले, गल्लीत नावा चालल्या. निखारा आपला कोरडाच!

तेव्हा छोट्या ढुंढिराजाने मान वर करून डोळे बारीक केले होते आणि गच्ची दणाणून सोडली होती, “त्याच्या पतंगाला डावीकडे चीर पडलीय!”

पडली होती खरी. शेजारच्या नरहरने पतंग उतरवला, भाताच्या शिताने कागद चिकटवला आणि पुन्हा उडवला. पहिल्यापेक्षा उंच!

पुढे जन्मभर हेच चाललं. ढुंढिराज वडिलांच्या गादीवर बसून ब्रह्माघाटावर पत्रिका मांडू लागले. नरहर गालिचे विकू लागला. भदोहीत विणलेले त्याचे गालिचे जर्मनीतल्या साहेबांच्या पायांखाली गेले आणि नरहर स्वतः लोकांच्या डोक्यावर बसला. त्याने मोटार घेतली. मग दुसरी घेतली. पण ब्रह्माघाटाच्या गल्लीत मोटार शिरत नाही, हे ढुंढिराजशास्त्र्यांच्या आयुष्यातलं फार मोठं समाधान होतं. कितीही लांबलचक गाडी असो, ती मैदागिनच्या चौकात उभी करायची आणि तिथून शेण चुकवत, सांडाला वाट देत पायी यायचं. त्या गल्लीत सगळे सारखे. ज्याने कुणी ही गल्ली इतकी अरुंद बांधली, त्याला शास्त्रीबुवा रोज मनोमन नमस्कार करत.

आणि एके सकाळी त्याच गल्लीतून पायी येत नरहर ओट्यावर टेकला नि म्हणाला, “ढुंढ्या, विमान घ्यावं म्हणतोय.”

शास्त्रीबुवांच्या तोंडातलं पान घशात गेलं.

“कसलं?”

“अरे उडायचं! नवं नाही रे, जुनं आहे. अठ्ठावीस वर्षांचं. दोन इंजिनं, आठ माणसं बसतात. आणि आतली हवा म्हणे दाबून धरतं. कितीही वर जा, आत बसणाऱ्याला जमिनीवर बसल्यासारखंच वाटतं.”

“जमिनीवरच बसल्यासारखं वाटायचं असेल तर जमिनीवर बस की! फुकट आहे!”

नरहर हसला. हेच तर खुपायचं. या माणसाला टोचलं तरी हसू यायचं!

“दलाल म्हणतो घ्या. वैमानिक म्हणतो घ्या. इंजिनियर म्हणतो डोळे मिटून घ्या. रामघाटच्या विश्वेश्वरशास्त्र्यांना विचारलं, ते म्हणाले राजयोग आहे, दोन घ्या. पण तू पत्रिका मांड. तू नाही म्हणालास तर नाही.”

एवढं बोलून त्याने विमानाच्या नोंदवहीची नक्कल पुढे ठेवली आणि गेला.

शास्त्रीबुवा उठून उभेच राहिले आणि बायकोला म्हणाले, “बघच तू आता, शरदिनी! लोक विमान पाडायला तोफा लावतात. मी एका पेन्सिलीने पाडतो की नाही बघ!”

शरदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तुम्हाला जळायचंच असेल तर मणिकर्णिका आहे की जवळ. घरात कशाला धूर?”

“मी जळत नाही! मी शास्त्र बघतोय!”

“बघा हो,” म्हणून त्या सूप पाखडत गुणगुणू लागल्या. त्यांची ही फार वाईट खोड. भांडण आलं की ओवी व्हायची.

“घाटाच्या पायरीला पाणी येतं, पाणी जातं,
शेजारणीचं सोनं बाई, माझ्या डोळ्यांत का खुपतं?”

शास्त्रीबुवांनी दार लावून घेतलं.

आता खरी अडचण. यंत्राचा जन्म कधी धरायचा? कारखान्यात पहिला खिळा ठोकला तेव्हा? का रंग दिला तेव्हा? दोन दिवस डोकं खाजवून शास्त्रीबुवांनी निर्णय दिला की पोर पहिल्यांदा रडतं तो पोराचा जन्म, तसं विमान पहिल्यांदा जमीन सोडतं तो विमानाचा. नोंदवहीत ती वेळ होतीच. एकोणीसशे एकोणऐंशीचा जून, सकाळी दहा वीस, अमेरिकेतलं कुठलंसं गाव. अक्षांश काढले, रेखांश काढले, कुंडली मांडली.

आणि शास्त्रीबुवांनी पेन्सिल खाली ठेवली.

कर्क लग्न! लग्नी उच्चीचा गुरू! असली पत्रिका त्यांच्या स्वतःच्या मुलीसाठी आली असती तर त्यांनी विमानाच्या घरी जाऊन पाय धरले असते! दीर्घायुष्य, कीर्ती, मालकाची भरभराट... मालक म्हणजे नरहर! त्यांनी पुन्हा मांडली. गुरू तिथेच. तिसऱ्यांदा मांडली. गुरू हलेना. मांडी ठोकून बसला होता, नरहरसारखाच हसत.

ढुंढिराजशास्त्र्यांचा एक बाणा होता. सदतीस वर्षांत त्यांनी पत्रिकेत दिसलं त्याच्या उलट एकदाही सांगितलं नव्हतं. भाकीत चुकलं असेल, शब्द खोटा नव्हता. गल्लीतले लोक म्हणायचे, शास्त्रीबुवा कडू बोलतील पण खोटं नाही. नरहरकडे दोन मोटारी होत्या. यांच्याकडे हे होतं. एवढंच होतं.

जे एवढंसं होतं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गंगेत सोडलं.

“अष्टमात शनी आहे,” ते ओट्यावर बसून म्हणाले. “घेऊ नकोस.”

नरहरने विचारलं, “काही उपाय?”

शास्त्रीबुवांना वाटलं, उपाय एवढा अवघड सांगावा की हा कंटाळून विमानाचं नावच काढणार नाही. “एकवीस वैदिक ब्राह्मणांना भोजन घाल. श्रीखंड-पुरी. आणि चक्का घरी बांधलेला हवा, बाजारचा नको!”

तीन दिवसांत पंगत बसली. एकवीस कुठले, शंभर पान उठलं! ब्रह्माघाट, दुर्गाघाट, रामघाट, तिन्ही घाटांवर ढेकर आणि नरहरचं नाव याशिवाय काही ऐकू येईना. “असा यजमान होणे नाही!” शरदिनीबाईंनी घरी श्रीखंडाचा डबा आणला. शास्त्रीबुवांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि प्रत्येक घास निखाऱ्यावर तूप पडावं तसा आत गेला.

“झालं का रे शनीचं?” नरहरने विचारलं.

“छे! तो तर नुसता कुशीवर वळला!” शास्त्रीबुवा आता इरेला पेटले होते. “गंगाजलाचे अकरा गडू भरायचे. तांब्याचे, तोंडं झाळून पक्की बंद केलेले. आणि विमान घ्यायच्या आधी त्याच विमानातून ते काशीवरून फिरवून आणायचे. त्याशिवाय सौदा नाही!”

न घेतलेलं विमान कोण फिरवायला देतो? शास्त्रीबुवा मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेत होते, तोच नरहरने खिशातून मोबाईल काढला, दोन वाक्यं बोलला आणि म्हणाला, “गुरुवारी सकाळी आठला बाबतपूरच्या विमानतळावर. दलाल विमान घेऊन येतोय. तुला खिडकीजवळची जागा ठेवलीय.”

“म... मला?”

“मग गडूंजवळ मंत्र कोण म्हणणार? वैमानिक?”

“अहो, तुम्ही विमानात कधी बसलायत का?” शरदिनीबाईंनी आतून विचारलं.

“अनेकदा!” शास्त्रीबुवा ओरडले. ते आजवर सर्वांत उंच चढले होते ते बिंदुमाधवाच्या मंदिराजवळच्या गच्चीवर, अडकलेला पतंग काढायला.

गुरुवार उजाडला. विमान धावपट्टीच्या कडेला उभं होतं. पांढरं, कमरेला निळा पट्टा, नाक जरा पुढे आलेलं. शास्त्रीबुवा मुलगी बघायला आल्यासारखे त्याच्याभोवती फिरले. पायांत वंगण आहे का बघितलं, पोटाखालून वाकून बघितलं. खोट सापडेना. दाराच्या कडेचं रबर मात्र म्हाताऱ्याच्या ओठासारखं सुरकुतलेलं दिसलं.

“हे काय आहे?”

“पंडितजी, वो तो सब में होता है!” दलालाचं नाव मोहनबाबू. बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. “दरवाज़ा बंद, तो समझिए दुनिया बंद! ऊपर बारह हज़ार फुट, और अंदर आप ब्रह्माघाट पर बैठे हैं!”

आत चार माणसांची जागा गडूंनी आणि पूजेच्या सामानाने अडवली. शास्त्रीबुवा खिडकीशी, नरहर समोर, मोहनबाबू मागे. दार लागलं, इंजिनं गुरगुरली आणि जमीन सुटली.

शास्त्रीबुवांनी मंत्र सुरू केला. खाली गंगा दिसली. चंद्रकोरीसारखी वळलेली, उन्हात लकाकणारी. तिच्या काठाशी त्यांचं सगळं आयुष्य काडेपेटीएवढं. ब्रह्माघाट कुठला, दुर्गाघाट कुठला? एक गच्ची दिसल्यासारखी झाली. आई असती तर आता म्हणाली असती का, “ढुंढ्याकडे बघा, कुठे पोचला”? ते मंत्रातले दोन शब्द विसरले.

मग कान दुखू लागले. आधी ठणकले, मग कुणी सळई घालावी तसे! शास्त्रीबुवांना वाटलं, विमानात असंच होत असणार. विचारावं तर पहिल्यांदाच बसलोय हे कळणार.

“कान दुखतात का रे?” नरहरने डोळे बारीक करत विचारलं.

“छे! तुझे?”

“छे छे!”

“मोहनबाबू, आपके?” नरहरने मागे बघत विचारलं.

“बिलकुल नहीं साहब! घाट पर बैठे हैं!” मोहनबाबूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात पहिल्या गडूतून आवाज आला.

टण्!

सगळ्यांनी बघितलं. गडूचं झाकण कढईतल्या पुरीसारखं टम्म फुगलं होतं. टण्! दुसरा. टण्! टण्! गडू एकामागून एक पोटं फुगवू लागले.

“शनी!” शास्त्रीबुवा किंचाळले. “शनी आला!” आजवर खोटा सांगितलेला शनी साक्षात पाहून त्यांची शेंडी ताठ झाली.

सातव्या गडूची झाळणी कच्ची निघाली. फट्कन झाकण उडालं, मोहनबाबूंच्या कपाळावर बसलं आणि गंगाजलाची चिळकांडी थेट वैमानिकाच्या मानेवर!

“हवा नहीं रुक रही!” मोहनबाबू कपाळ धरून ओरडले. “नीचे लो, नीचे! दरवाज़े का रबर फिर गया!”

“फिर?” नरहर शांतपणे म्हणाला. “म्हणजे आधीही गेलं होतं?”

मोहनबाबू खाली वाकून उडालेलं झाकण शोधू लागले. वैमानिकाने आतल्या हवेचा दाब दाखवणारी तबकडी टिचकी मारून बघितली आणि हळूच कबूल केलं की ती गेल्या दिवाळीपासून एकाच जागी उभी आहे. विमान भराभरा खाली आलं. फुगलेली झाकणं टण् टण् करत परत बसली, जणू अकरा गडूंनी सुस्कारा सोडला. दहाच गडूंनी म्हणू या.

दुपारपर्यंत बातमी तिन्ही घाटांवर पोचली. शास्त्रीबुवा मैदागिनला उतरतात तो झेंडूच्या माळा! “गुरू, आपने तो पहले ही देख लिया था!” “अष्टमातला शनी, बरं का! गडूच्या तोंडून बोलता केला!” विश्वेश्वरशास्त्र्यांचा राजयोग तर चेष्टेचा विषय झाला. बिचाऱ्यांनी पत्रिका अचूक मांडली होती, तरी त्यांना दार लावून बसावं लागलं. इकडे शास्त्रीबुवांच्या ओट्यावर पत्रिका घेऊन रांग लागली. आयुष्यात पहिल्यांदा सगळी गल्ली नरहरला सोडून ढुंढिराजाकडे बघत होती.

आणि शास्त्रीबुवा ताटातली पोळी नुसती कुस्करत होते.

“जेवा की,” शरदिनीबाई म्हणाल्या. “आज तर तुमचा पतंग वर आहे.”

शास्त्रीबुवांनी ताट सारलं. तसेच उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि नरहरच्या घरी गेले. नरहर अंगणात बसून कानात कोमट तेल घालून घेत होता. शास्त्रीबुवांनी धोतराच्या कनवटीतून खरी पत्रिका काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

“अष्टमात शनी नव्हता,” ते म्हणाले. “लग्नी उच्चीचा गुरू होता. विश्वेश्वरचं बरोबर होतं. माझ्याकडून बघवलं नाही म्हणून मी खोटं सांगितलं. उद्या रामघाटावर जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. आता काय ते बोल मला.”

नरहर मान वाकडी ठेवूनच हसू लागला. तेल गळेपर्यंत हसला.

“अरे, ही पत्रिका तर मला पहिल्या दिवशीच विश्वेश्वरशास्त्र्यांकडून मिळाली होती!”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

नरहरने कानातला कापूस काढला. हसू हळूहळू मावळलं.

“ढुंढ्या, माझ्याभोवतीच्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. दलाल, वैमानिक, इंजिनियर, ज्योतिषी, सगळे हो म्हणतात. मी म्हणालो गंगा उलटी वाहते, तरी हो म्हणतील. पतंगाला चीर पडलीय हे खालून ओरडून सांगणारा जन्मात एकच भेटला. तेव्हा मी तुला सांगितलं नाही. चीर बघून मी रडलो होतो, आणि मग तो पतंग दिवसभर टिकला. म्हणून आलो. सबंध काशीत माझ्यावर मनापासून जळणारा तू एकटा आहेस रे. आणि म्हणूनच माझा भरवसा फक्त तुझ्या डोळ्यांवर आहे, हे तुझ्याखेरीज सगळ्या गल्लीला माहीत आहे.”